घळीआधीची ओल

१

थंडी माणसाला मारत नाही, ओल मारते. हे वाक्य मी इतक्या गिऱ्हाइकांना ऐकवलंय की आमची ही म्हणायची, "अहो, पाटीवरच रंगवून घ्या आणि घसा वाचवा." पण पाटी वाचतो कोण? बोलणाऱ्याचे एरंड विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. फुटपाथवर प्लास्टिकचे कागद विकता विकता मी एवढंच शिकलो आणि त्यावरच दुकान उभं केलं. सॅक, दोर, तंबू, स्लीपिंग बॅग, पाण्यात घालायचे रबरी सूट असा सगळा माल ठेवतो. मी स्वतः डोंगर चढलेला नाही. पोहता तर अजिबात येत नाही. एकदा एका प्राध्यापकांनी खोचकपणे विचारलं, "शेठ, तुम्ही स्वतः कुठली शिखरं केलीत?" म्हटलं, "सर, पाळणे विकणारा काय दर वर्षी बाळंत होतो?" हसले आणि दोन सॅक घेऊन गेले.

तर त्या थंडीत माझी धाकटी घळीत जायला निघाली होती. थोरली लग्न होऊन लांब गेली. ही घरात राहून रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. सुट्टी मिळाली की मास्तरांबरोबर भटकते. मास्तर म्हणजे भूगोल शिकवायचं सोडून लोकांना डोंगरात फिरवणारा माणूस, माझं जुनं गिऱ्हाईक. घळ कशी आहे ते त्यांनीच सांगितलेलं. दोन्ही बाजूंना सरळ कडे, मधे बर्फासारखं गार पाणी, तळाला राखाडी गाळ. कुठे चालायचं, कुठे पोहायचं, कुठे धबधब्यातून दोरावर उतरायचं. ऊन तळाला पोहोचत नाही, फोन लागत नाही. आणि एकदा पहिला दोर खेचून घेतला की मागे फिरता येत नाही. पुढच्या तोंडातूनच बाहेर पडायचं.

तयारी माझ्या दुकानात चालली होती. लोकरीचे मोजे, चूल, गॅसचे डबे, कपडे कोरडे ठेवायच्या पिशव्या. काउंटरवर पाय ठेवायला जागा नव्हती. धाकटी उंच आणि काटकुळी आहे. तयार मापाचा सूट तिला कमरेत ढगळ होतो आणि घोट्याला आखूड पडतो. म्हणून तिच्या मापाचा सूट कारखान्यातून करून घेतला. जाड, काळा, कोरा.

आमच्याकडे एक रीत आहे. कोरा सूट गिऱ्हाइकाला देण्याआधी मागच्या टाकीत बुडवायचा, पिळायचा नाही आणि पाय वर करून टांगायचा. कच्ची शिवण असली तर तेव्हाच कळते. पण त्या आठवड्यात टाकी घासायला काढली होती. तळ कोरडा होता, त्यात बादल्या उपड्या ठेवलेल्या. म्हणून सूट नुसताच दांडीला टांगून ठेवला, वेळ मिळेल तेव्हा बुडवू म्हणून.

सकाळी मागची खोली उघडली तर टप, टप. उलट्या सुटाच्या गळ्यातून पाणी गळत होतं.

२

माणसाचं डोकं फार सोयीचं यंत्र आहे. पहिला विचार आला की धाकटीने घरी नेऊन भिजवला असेल. तिला विचारलं.

"मी कशाला भिजवू? तुम्हीच म्हणालात ना, टाकी झाल्यावर."

मग छत बघितलं, तर छत कोरडं. शेजारचे दांडीवरचे सूटही कोरडे. मग मी ठरवलं की रबराला घाम सुटला असेल. रबराला घाम सुटतो असं कुणी ऐकलंय का? मीही नव्हतं ऐकलं, पण दुसऱ्याला पटवून पटवून स्वतःला पटवायचीही सवय लागते.

सूट पुसला, उलटा केला, पंख्याखाली ठेवला. दुपारी धाकटी डबा घेऊन आली आणि तिने बाहीत हात घातला.

"आई गं! बाबा, बर्फात ठेवला होता का काय?"

बाही परत ओली होती. पाणी इतकं गार की बोटं दुखावीत. जमिनीवर साठलेल्या पाण्यात पिठासारखा बारीक राखाडी गाळ होता. मी तो बोटांवर चोळून बघितला. आमच्या नळाला गाळ येतो, पण तो तांबडा.

"ही कारखान्यातली माती असणार," मी म्हटलं.

"कारखाना नदीत आहे वाटतं," ती म्हणाली आणि हात माझ्याच शर्टाला पुसून पळाली. लहानपणापासूनची खोड.

मी तिथेच उभा राहिलो. थेंब पडत होते. अधूनमधून ते थांबत, आणि थांबले की आता पुढचा कधी पडतो याकडे कान लागत. तेवढ्यात बाहेर गिऱ्हाईक आलं, तंबू मागायला. मी त्याला तंबूऐवजी ताडपत्री दाखवत बसलो.

३

शिवण दिसली ती वहिनींना.

वहिनी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. फाटलेल्या सॅक, उसवलेले सूट, तुटलेल्या चेन सगळं त्याच दुरुस्त करतात. डावखुऱ्या आहेत, त्यामुळे त्यांचा टाका उलट्या अंगाने पडतो आणि शेवटी दुहेरी गाठ. कुठलाही सूट हातात घेतला तरी वहिनींचं काम मी डोळे मिटून ओळखतो.

"दादा," त्या म्हणाल्या, "धाकटीला जुना सूट दिलात?"

"कोराच आहे. परवा खोक्यातून काढला."

"मग हे काय?"

समोरून, गळ्यापासून खाली चार बोटं, शिवण होती. कापलेलं रबर जोडून वर सरस फिरवलेला. उलट्या अंगाचे टाके.

"हे माझ्या हातचं आहे," वहिनी म्हणाल्या. मग टाक्यांवरून बोट फिरवत, "पण मी केलेलं नाही हो. तुम्ही सांगितल्याशिवाय मी सुई उचलते का कधी?"

वहिनी हसल्या, पण नेहमीसारख्या नाही. "आता विसरायला लागले वाटतं. तुमचे भाऊ म्हणतातच, तुझं लक्ष नसतं."

खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी बरं वाटलं. माझ्या डोक्याने लगेच हिशेब मांडला. सुटाला घळीचं पाणी लागलंय, घळीतला गाळ लागलाय, आणि नंतर तो इथे शिवलाही गेलाय. शिवायला दुकानात आला म्हणजे सूट घळीतून परत आला. आणि सूट काय एकटा चालत येतो? हे कसं घडलं असेल याच्या वाटेला मी गेलोच नाही. मला पाहिजे ते उत्तर मिळालं होतं. मी तेच वहिनींना सांगितलं, चेष्टेच्या सुरात.

त्यांनी सूट परत दांडीला टांगला, ओले हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "सूट परत आला, दादा. एवढंच म्हणता येईल."

४

दुसऱ्या दिवशी शिवण छातीपर्यंत आली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी बेंबीपर्यंत. मी मोजायचं सोडून दिलं. सकाळी दिवा लावायच्या आधी खोलीच्या दारात उभा राहायचो आणि थेंबांचा आवाज ऐकायचो. बंद झाला असेल तर आत जाऊ, असं ठरवून. तो बंद होत नसे.

धाकटीनेही शिवण बघितली. "बाबा! पोटच्या पोरीला सेकंडहँड माल? गिऱ्हाइकाला तरी सांगून विकता!" तिला ते गंमतीचं वाटलं. मी हसलो. काय करणार?

ज्या दिवशी शिवण मांडीपर्यंत पोहोचली, त्या दिवशी मला ती ओळखू आली.

बचाव पथकाला कात्र्या मीच पुरवतो. वाकडी मान, बोथट टोक, म्हणजे कापताना आतल्या कातडीला लागू नये. गळ्यातून घालायची आणि सरळ मांडीपर्यंत ओढत आणायची. आत माणूस असतो आणि चेन उघडत बसायला वेळ नसतो, तेव्हा सूट असा कापतात. किंवा घाई करण्यासारखं काही उरलेलं नसतं, तेव्हा.

आणि असा कापलेला सूट कुणी शिवायला आणत नाही. त्याचा उपयोगच काय? मीही असा सूट कधी शिवून घेतला नसता. फेकून दिला असता.

फक्त एकाच माणसाचा असता तर शिवून घेतला असता. ठेवायला म्हणून.

मी मास्तरांना दुकानात बोलावलं, चहा मागवला. म्हटलं, "मास्तर, या वेळी पुढे ढकला."

"का हो?"

"सूट वाळत नाही."

मास्तरांनी कपातलं तोंड बाहेर काढलं. "थंडीत नाहीच वाळत, शेठ."

"त्यावर शिवण आलीये."

"मग पक्की आहे ना? टेप मारा वरून. मला चालतो दुरुस्त केलेला." ते माझ्याकडे बघत राहिले. "शेठ, इतकी वर्षं येतोय. तुम्ही मला माल विकलात, सल्ले विकलेत, एकदा छत्रीसुद्धा विकलीत. भीती कधी विकली नव्हती. पाणी आत्ताच उतरलंय. नंतर ती घळ उघडत नाही. आणि तुमची पोरगी माझ्या गटात सगळ्यात पक्की आहे, शेवटच्या दोरावर, सगळे उतरेपर्यंत वर दोर सांभाळायला ती नसेल तर मी कुणाच्या भरवशावर उतरू?"

मी त्यांना काय सांगणार होतो? जे सांगायचं होतं ते मोठ्याने म्हटलं असतं तर मलाच वेड्यात काढावं लागलं असतं.

घरी आल्यावर छातीत कळ येते असं सांगितलं. धाकटीने मला हाताला धरून लॅबमध्ये नेलं, होत्या नव्हत्या तेवढ्या तपासण्या केल्या आणि कागद हातात ठेवला. "बाबा, तुमचे रिपोर्ट माझ्यापेक्षा छान आहेत. जाऊ ना मी आता?" चिडली नव्हती. माझ्या केसांतून हात फिरवत बोलली, लहान मुलाशी बोलतात तशी. तेच जास्त लागलं.

५

माल खराब निघाला तर व्यापारी काय करतो? माल बदलतो. माझी अक्कल तेवढीच. तो सूट भंगारवाल्याच्या गाडीत माझ्या हाताने टाकला, गाडी वळेपर्यंत दारात उभा राहिलो आणि कारखान्यातून त्याच मापाचा दुसरा मागवला.

दुसरा सूट आला. पिशवी फोडली. कोरडा खडखडीत! शिवण नाही, डाग नाही, नव्या रबराचा वास. दांडीला टांगला. सकाळी कोरडा. दुपारी कोरडा. दोन दिवस मी गिऱ्हाइकांना मिठ्या मारायच्या बाकी ठेवल्या होत्या. ही म्हणाली, "काय हो, लॉटरी लागली का?"

निघायच्या आदल्या दिवशी, दुपारी, दुकान रिकामं असताना मागच्या खोलीत गेलो. सूट घडी करून सॅकमध्ये भरायचा होता. आवाज नव्हता. जमीन कोरडी होती. मी सूट खाली घ्यायला पोटरी धरली आणि हात मागे घेतला.

आत वजन होतं. पाय रिकामा असला की रबर चपटं होतं. हे गोल होतं, भरलेलं. गार. आणि बोटांखालून, गळ्याच्या दिशेने, पाणी सुटल्यासारखं ते वजन हळूच सरकलं. पुढच्या क्षणी सूट चपटा झाला आणि गळ्यातून राखाडी पाण्याची धार लागली.

तिथून पुढचं मी शहाणपणाने केलं असं म्हणणार नाही. मास्तरांचा नियम होता की सूट नाही तर घळ नाही. तिच्या मापाचा दुसरा सूट गावात नव्हता. पथकासाठी बांधून ठेवलेल्या कात्र्यांचं खोकं समोरच होतं. एक काढली, गळ्यात घातली आणि ओढली. रबर कापताना आवाज होत नाही. सरळ मांडीपर्यंत गेली. कात्री बनवलेलीच तशी आहे. दुसरीकडे जात नाही.

श्वास सोडला. म्हटलं, सुटलो.

६

"बाबा, हे कुणी केलं?"

धाकटी दारात उभी होती. मी काहीतरी सांगितलं, खोट निघाली, परत करणार आहे वगैरे. इतका चांगला खोटं बोलणारा माणूस, पण तिच्यापुढे शब्द अडखळले. तिने माझ्या हातातल्या कात्रीकडे बघितलं. डोळे भरून आले तशी तिने मान वळवली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मास्तरांकडे एक जुना सूट आहे. पातळ आहे, आखूड आहे, पण चालवून घेईन."

"त्या पाण्यात? पातळ सूट?"

"मग काय करू? मी जाणार आहे, बाबा. शेवटच्या दोरावर मी आहे. ते माझ्या भरवशावर उतरणार आहेत."

पातळ सुटात त्या पाण्यात काय होतं हे मी रोज लोकांना सांगतो. आधी बोटं जातात. मग जीभ जड होते. मग माणसाला वाटतं की आता थंडी वाजत नाही, बरं वाटतंय.

वहिनी आवाज ऐकून आल्या होत्या. धाकटीने त्यांच्याकडे वळून विचारलं, "काकू, होईल का गं जोडून?"

वहिनींनी आधी सुटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांनाही सगळं दिसलं होतं, हे मला त्यांच्या नजरेवरून कळलं. त्या थांबल्या होत्या. मी सांगितल्याशिवाय त्या सुई उचलत नाहीत.

धाकटीने माझ्या दंडाला धरलं. "बाबा, सांगा ना त्यांना."

मी मान डोलावली.

वहिनी बसल्या. डाव्या हाताने ओवलं, टाक्यामागून टाका, उलट्या अंगाने. शेवटी दुहेरी गाठ. वरून सरस, सरसावर टेप. काम झाल्यावर त्यांनी सूट उचलून दाखवला आणि मी दुसरीकडे बघितलं. बघायची गरज नव्हती. तो मी आधीच रोज सकाळी बघत आलो होतो.

"सरस पुरता सुकायला हवा, दादा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"सुकेल ना वाटेत," धाकटी म्हणाली आणि त्यांच्या गालाचा मुका घेतला.

७

सकाळी उन्हात गाडी दुकानासमोर लागली. टपावर सॅक चढल्या. हिने धाकटीच्या हातात खाऊचा डबा कोंबला, मास्तरांना दम भरला, "माझी पोर जशी नेताय तशीच आणायची हं!" मास्तर म्हणाले, "ताई, थोडी बारीक होऊन येईल, तेवढं चालवून घ्या." सगळे हसले. मीही. दारात उभा राहून हात हलवला. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण तोंडातून निघालं ते, "मोजे ओले झाले तर लगेच बदल." ती म्हणाली, "ओल मारते, थंडी नाही. माहितीये, बाबा." गाडी कोपऱ्यावरून वळली.

ही घरी गेली. वहिनी भाजी घेऊन येते म्हणाल्या. मी दुकानात एकटाच राहिलो. काउंटर आवरायला घेतला आणि लक्ष गेलं की ट्रायल रूमचा पडदा ओढलेला आहे. सकाळपासून कुणी गिऱ्हाईक आलं नव्हतं.

पडद्याखाली पाय होते. अनवाणी, माझ्याकडे टाचा करून. पांढरेफटक, पाण्यात फार वेळ राहिल्यावर होतात तसे सुरकुतलेले. डाव्या पायाची करंगळी वाकडी. धाकटीची करंगळी अशीच आहे, लहानपणी दारात सापडली होती.

मी फोन काढला. धाकटीला लावला, लगेच लागला.

"हॅलो, बाबा! काय विसरलं?" मागे मास्तरांची गाणी, हसणं, इंजिनाचा आवाज. "बाबा? बोला ना. पुढे रेंज जाणार आहे."

"काही नाही," मी म्हटलं. "आहेस ना?"

"आहे की! गाडीत आहे."

"बाबा," पडद्यामागून धाकटी म्हणाली, "जरा चेन लावा ना."

सुटाची चेन पाठीवर असते. स्वतःची स्वतःला लावता येत नाही. कुणीतरी मागे उभं राहून लावावी लागते. दुकानात ते काम कायम माझंच, आणि गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी त्या क्षणी पाठ वळवून लहान मुलासारखं उभं राहतं.

फोनवर हॅलो, हॅलो चाललं होतं. मग तेही तुटलं. पडद्याखालून पाणी सरकत आलं आणि माझ्या चपलांना लागलं. दाराबाहेर रस्ता उन्हात वाहत होता, एक बाई मुलाचा हात धरून गेली, कुणीतरी हॉर्न वाजवला. मला पळून जाता आलं असतं. दार उघडंच होतं.

"बाबा, लवकर," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "थंडी वाजतेय हो."

मी पडद्यात हात घातला.